पूर्वीपासूनचा त्रास

सरकारने प्रत्येक नागरिकाला आरोग्यविमा सक्तीचा केला, त्या दिवशी सकाळी साडेनऊपर्यंत मी त्या कायद्याच्या बाजूने होतो. पावणेदहाला साडूचा फोन आला. "वाचलंत का? फार चांगलं झालं. दहा वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं हे," असं तो म्हणाला, आणि दहा वाजता मी विरोधात गेलो.

माझ्यावर तत्त्वशून्यतेचा आरोप होण्याआधी सांगून टाकतो. माझं तत्त्व एकच आहे आणि ते गेल्या एकवीस वर्षांत तसूभरही हललेलं नाही. साडू ज्या बाजूला, त्याच्या समोरच्या बाजूला मी. साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा, हा झाला शब्दकोशातला अर्थ. खरा अर्थ लग्नानंतर कळतो. मित्र आपण निवडतो, शेजारी जागा सोडून जातात, भाऊ वाटण्या झाल्या की शांत होतात. साडू मात्र आपल्याच मापाचा, आपल्याच वयाचा, तशाच एका बहिणीशी लग्न केलेला, आणि सगळ्या बाबतींत आपल्यापेक्षा थोडा बरा असतो. फार बरा असता तर मी त्याला सरळ मोठा माणूस म्हणून सोडून दिलं असतं. जळायला होतं ते या 'थोडा'मुळे.

आता आमचाच बघा. बायकोच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे ताईंचा नवरा. लिफ्टच्या कंपनीत तपासनीस आहे. माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा, पण डोक्यावर केस सगळे. पोट नाही. रोज पहाटे तासभर चालतो. चहात साखर घेत नाही. ताटात काहीही वाढलं तरी "बस, एवढं पुरे" म्हणून हात आडवा करतो, आणि त्याच वेळी माझा हात पुढे गेलेला असतो. जेवण झालं की घड्याळ लावून अर्धा तास आडवा होतो आणि अर्ध्या तासाने उठतो. कधी चिडत नाही. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर येताना दुसऱ्या मजल्यावर थांबून तिथल्या निवृत्त मोजणीदारांची पाच-सात मिनिटं विचारपूस करतो. हे मोजणीदार उभं आयुष्य जमिनी मोजत हिंडले. चौदा वर्षांत माझ्याशी ते पाण्याचा पंप कोणी चालू ठेवला एवढ्या एकाच विषयावर बोलले आहेत. साडूबद्दल मात्र, "माणूस असावा तर असा! वर जाताना थांबल्याशिवाय जात नाही," असं जिन्यात जाहीरपणे सांगतात.

आणि आमच्या घरात 'भावोजींचं बघा' हे वाक्य दिवसातून किमान दोनदा होतं. भावोजी चालतात, तुम्ही लोळता. भावोजी खात नाहीत, तुम्ही पुसून खाता. तोंडावर मी त्याला 'साडूबुवा' आणि 'अहो' म्हणतो. मनात एकेरीच चालू असतं.

तर कायदा झाला त्या रविवारी हा आमच्याकडे आला (पाच मिनिटं दुसरा मजला, मग तिसरा) आणि वाद पेटला. पेटला म्हणजे मी पेटलो. तो नेहमीसारखा शांतच होता.

"मला काहीही झालेलं नाही," मी म्हणालो. "मी कधी दवाखान्याची पायरी चढत नाही. मग मी विमा का घ्यायचा? उद्या सरकार म्हणेल, प्रत्येकानं छत्री बाळगलीच पाहिजे."

"पाऊस सुरू झाल्यावर छत्री कोणी देत नाही हो," तो म्हणाला. "धडधाकट माणसं लांब राहिली, तर विम्यात फक्त आजारी उरतील. मग ते कोणाच्या जोरावर तरणार? आणि या कायद्यात कोणाला नाही म्हणता येत नाही, हे महत्त्वाचं. कंपनीला दार लावताच येत नाही."

"पण मला ते दार नकोच असेल तर?"

"अहो, आज नको आहे."

हे तो इतक्या सौम्यपणे म्हणाला, की बायकोने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. पंच म्हणून मोजणीदारांना वर बोलावलं. ते खुर्चीत बसले, दोन्ही बाजू ऐकल्या आणि म्हणाले, "सक्ती वाईटच. पण सक्तीशिवाय आपल्या जिन्यातला दिवा तरी कोणी बदललाय का कधी?" आणि माझ्याकडे पाहिलं. आता जिन्यातला दिवा आणि नागरिकाचं स्वातंत्र्य यांचा संबंध काय? पण साडूने मान डोलावली, तशी सगळ्यांनीच डोलावली.

माझं तत्त्व आणखी पुष्कळ ताणता आलं असतं. पण बायकोच्या पित्ताशयात खडे निघाले होते. अधूनमधून तिच्या पोटात अशी कळ यायची, की ती भिंत धरून उभी राहायची आणि "काही नाही, जाईल," म्हणायची. डॉक्टरांनी महिनाअखेरच्या आत शस्त्रक्रिया करा म्हणून सांगितलं होतं. रुग्णालय म्हणालं, कायद्याप्रमाणे कुटुंबाची पॉलिसी आणा, मगच तारीख मिळेल. तेव्हा माझा विरोध मी तात्त्विक पातळीवर चालू ठेवला आणि अर्ज भरायला घेतला.

इथे अर्जाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तो अर्ज एका अर्थी माझाच होता. मी छापखान्यात मुद्रितशोधक आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतो. हा विम्याचा अर्ज आमच्याच छापखान्यात छापायला आला होता. त्यात एका रकान्याचं शीर्षक होतं, 'पूर्वविद्यमान व्याधी'. मी समासात लिहिलं, 'सामान्य नागरिकास समजेल असा शब्द योजावा. सुचवणी : पूर्वीपासूनचा त्रास.' आणि काय आश्चर्य, वरून मंजुरी आली! तीस वर्षांच्या नोकरीत सरकारने माझं ऐकलं, असा हा एकमेव प्रसंग. छापलेला पहिला कागद मी घरी आणून सगळ्यांना दाखवला. साडू म्हणाला, "छान. पण 'आजार' जास्त नेमका झाला असता. त्रास काय, कशाचाही असतो." बायको म्हणाली, "हो ना." तो कागद मी परत घडी घालून ठेवला.

पुढच्या रविवारी साडू पुन्हा हजर. त्याची पॉलिसी मंजूर झाली होती. प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेलं कार्ड त्याने खिशातून काढून दाखवलं. ते धरताना त्याचा चेहरा असा काही उजळला होता, जसं काही याला राष्ट्राने पदक दिलंय. बायकोने ते कार्ड हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं. मोजणीदारांनी ते आधीच दुसऱ्या मजल्यावर पाहिलं होतं. "यांचा अजून अर्जच भरून होत नाही," बायको म्हणाली. "भावोजी, तुम्हीच जरा सांगा यांना कसा भरायचा ते."

छापखान्यातल्या माणसाला, ज्याने अर्जाचा रकाना घडवला त्याला, अर्ज कसा भरायचा हे साडूने सांगायचं! मी आतल्या खोलीत गेलो आणि दार लोटून घेतलं. माझ्याजवळ अर्जाच्या दोन प्रती होत्या. एक सरावासाठी आणि एक पक्की, ही आमच्या धंद्यातली शिस्त. बाहेर साडू बायकोला पथ्यपाणी समजावत होता आणि ती "अगदी बरोबर" म्हणत होती. मी सरावाची प्रत पुढे ओढली आणि मनातली सगळी मळमळ त्यात ओतली.

पूर्वीपासूनचा त्रास : साडू. किती वर्षांपासून : एकवीस. स्वरूप : रविवारी जास्त. घेतलेले उपचार : बायकोस सांगून पाहिले, गुण नाही.

फार बरं वाटलं. वाक्यं इतकी नेटकी उतरली होती, की खाली सहीसुद्धा ठोकली. मग पक्की प्रत घेऊन तीत पाठदुखी वगैरे सभ्य गोष्टी लिहिल्या आणि चहाला बाहेर आलो. तेवढ्यात साडू म्हणाला, "माझा उद्या त्या ऑफिसवरूनच रस्ता आहे. द्या, मी टाकतो." मी नको म्हणायच्या आत बायको उठली, आतून कागद आणला, पाकिटात घालून डिंकाने बंद केला आणि त्याच्या हातात ठेवला. तिची तत्परता अशा वेळीच दिसते.

सोमवारी सकाळी वर्तमानपत्र उचललं, तर खाली पाठदुखी.

मी तसाच अनवाणी जिना उतरलो. दुसऱ्या मजल्यावर मोजणीदार दार उघडून उभेच होते. माझा चेहरा पाहून त्यांनी प्रथमच पंपाव्यतिरिक्त चौकशी केली, आणि मी घाबरलेला असल्यामुळे खरं ते सांगून बसलो. ते हसले नाहीत. माणूस रेकॉर्डातला. "नोंद होण्याआधी कागद नुसता कागद असतो," ते म्हणाले. "एकदा नोंद झाली की तो जमीन होतो. मग त्याला कोर्टसुद्धा हलवू शकत नाही. चपला घाला आणि पळा."

विमा कार्यालय तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. खिडकीमागे एक बाई बसल्या होत्या, चष्मा कपाळावर, समोर पाकिटांचा ढीग. माझा अर्ज पाकिटातून बाहेर पडून एका तारेत ओवला गेला होता.

"चुकून दुसराच कागद आला आहे हो," मी म्हणालो. "खरा हा."

त्यांनी चष्मा खाली घेतला आणि पहिला कागद वाचला. मग मला वाचलं. मग पुन्हा कागद.

"झाली की नोंद."

"अहो, पण साडू हा काही आजार नाही!"

"मला कळतंय हो साडू म्हणजे काय. मलाही नणंद आहे," बाई म्हणाल्या. "पण वर काय छापलंय? 'त्रास'. आजार छापलं असतं, तर मी स्वतः खोडलं असतं. आता त्रास म्हणजे त्रासच. कोणत्या शहाण्यानं शब्द घातलाय, देव जाणे."

मी तो शहाणा कोण हे सांगितलं नाही. माणसाने नम्र असावं.

"पण मग ही पाठदुखीची प्रत?"

"तो दुसरा अर्ज झाला. एका माणसाला एकच अर्ज. आता वरून पत्र येईल, तोवर तुमचं प्रकरण थांबलं."

"माझ्या बायकोची शस्त्रक्रिया आहे."

बाईंचा आवाज जरा उतरला. "मग पत्राची वाट बघा. मी पुढं सरकवते. पण सरकवते म्हणजे सरकवते, फाडत नाही."

पुढचे आठ दिवस मी जिन्याखालच्या टपालपेटीपाशी काढले. आयुष्यात मला कोणी प्रेमपत्र पाठवलेलं नाही, पण त्या आठवड्यात बायकोला तसा संशय आला. "खाली कोण भेटतं तुम्हाला?" तिने विचारलं. "मोजणीदार," मी म्हणालो. हे इतकं अविश्वसनीय होतं की तिचा संशय आणखी बळावला. शेवटी पत्र आलं. ते मला तोंडपाठ आहे.

'आपण अर्जात नमूद केलेला "साडू" हा विकार मान्यताप्राप्त यादीत आढळून येत नाही. तरी सदर विकाराचे स्वरूप, तो आनुवंशिक आहे किंवा कसे, संसर्गजन्य आहे किंवा कसे, याबाबत नियुक्त वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र सादर करावे. तोपर्यंत कुटुंबातील कोणत्याही व्यक्तीस संरक्षण मिळणार नाही.'

एका जागी 'वैद्यकीय'मधली वेलांटी ऱ्हस्व होती. एरवी मी तेवढ्यावर चार दिवस खूश राहिलो असतो.

नियुक्त डॉक्टर हे दमलेले, हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांना सगळा घोळ सांगितला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला, खिशातून पेन काढलं आणि म्हणाले, "ते झालं. पण रकाने मला भरावेच लागतील. केव्हापासून?"

"एकवीस वर्षं. लग्नापासून."

"कशानं वाढतो?"

"बायकोनं त्याचं नाव काढलं की."

"कमी कशानं होतो?"

मी विचार केला. "एकदा त्याची बॅग हरवली होती. तेव्हा दोन दिवस बरं होतं."

त्यांनी तेही लिहिलं. "नेमकं कुठं होतं?"

आणि मी चक्क छातीवर हात ठेवला. गंमत म्हणून नाही. खरंच तिथे होतं. जेव्हा बायको 'भावोजींचं बघा' म्हणते, तेव्हा बरोबर तिथे काहीतरी आवळल्यासारखं होतं, आणि मग मी दुसऱ्यांदा वाढून घेतो. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तपासलं पाहिजे," म्हणाले. नाडी, रक्तदाब, छातीचा आलेख, सगळं झालं. "तुमचं हृदय उत्तम आहे. हेवा आहे तो. त्याला माझ्याकडे औषध नाही." आणि प्रमाणपत्रावर लिहिलं : 'विवाहोत्तर. दीर्घकालीन. आनुवंशिक नाही. संसर्गजन्य असल्याचे आढळले नाही.'

ते घेऊन मी पुन्हा खिडकीशी. बाईंनी वाचलं, मागचं पान उलटलं आणि चुकचुकल्या. "त्रासाचं कारण व्यक्ती असेल, तर ती व्यक्ती समक्ष लागते. ओळखपत्रासह. सही करायला."

"कसली सही?"

"आपण आजार नाही म्हणून."

मी तिथल्या बाकावर बसलो. महिना संपायला पाच दिवस होते. आदल्या दिवशीच बायको भिंत धरून नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी होती. एकीकडे ती, आणि दुसरीकडे माझी एकवीस वर्षं जपलेली अब्रू. साडूसमोर जाऊन सांगायचं, की तुम्हाला मी आजारात धरलंय, या आणि सही करा! मोजणीदारांनी एक मार्ग सुचवला : दुसराच कोणीतरी साडू म्हणून उभा करावा. ते स्वतः तयार होते, एवढंच नव्हे, तर कोणता सदरा घालावा इथपर्यंत त्यांनी विचार केला होता. पण ते एकोणऐंशी वर्षांचे आहेत.

शेवटी साडूला फोन केला. "साक्षीला यायला लागेल," एवढंच म्हणालो. कसली साक्ष हे त्याने विचारलंसुद्धा नाही. "अहो, तुमच्यासाठी येणार नाही तर कोणासाठी? उद्या अकराला येतो." फोन ठेवल्यावर मला त्याचा आणखीनच राग आला. नाही म्हणाला असता तर निदान तेवढा एक दोष सापडला असता.

दुसऱ्या दिवशी अकराला साडू कार्यालयाच्या दारात, इस्त्रीच्या शर्टात. लिफ्ट बंदच. मी म्हणालो, "तुमच्याच धंद्यातली गोष्ट, आणि बघा!" हा टोमणा मी रात्रीपासून तयार ठेवला होता. तो नुसता हसला आणि पाट्या वाचत उभा राहिला. पहिल्या मजल्यावर त्याने अग्निशमनाच्या सूचना वाचल्या. दुसऱ्यावर हरवलेल्या छत्र्यांची यादी वाचली, आणि ती दोनदा वाचली. मी वर पोहोचून खाली पाहिलं, तर तो कठडा धरून उभा होता आणि ओठ मिटून श्वास घेत होता. मला पाहताच सरळ झाला. "फार माहितीपूर्ण लावलंय," म्हणाला.

बाईंनी त्याचं ओळखपत्र आणि ते प्लॅस्टिकच्या पाकिटातलं कार्ड घेतलं. "साक्षीदाराची स्वतःची नोंद जुळवावी लागते," म्हणाल्या, आणि पडद्यावर बघत वाचायलाच लागल्या. "पूर्वीपासूनचा त्रास : हृदयाची झडप निकामी. बरोबर? रक्तदाब. साखर. मूत्रपिंड, डावं. दोनदा रुग्णालयात दाखल. याआधी तीन कंपन्यांकडून नकार. बरोबर ना?"

"बरोबर," साडू म्हणाला. आवाज नेहमीसारखाच सौम्य होता, पण माझ्याकडे बघत नव्हता. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "आमच्या हिला माहीत आहे. तुमच्या घरी सांगू नका. तुमची ही रडत बसेल. तिचंच आधी होऊ दे."

पहाटेचं चालणं, बिनसाखरेचा चहा, ताटावर आडवा हात, घड्याळ लावून अर्धा तास झोप, कधीही न चिडणं. एकवीस वर्षं ज्या ज्या गोष्टीवर मी जळत आलो, ती प्रत्येक गोष्ट याला डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेली होती. दुसऱ्या मजल्यावरची विचारपूससुद्धा. आणि ते कार्ड दाखवताना चेहरा का उजळला होता, तेही आता कळलं. तीन दारं तोंडावर लागलेल्या माणसाला चौथं लावता येत नव्हतं, एवढंच त्याचं पदक. ज्या कायद्याला मी छत्री म्हणून हसलो, त्याच्याखाली हा उभा होता.

मला वाईट वाटलं, हे खरं. पण खोटं कशाला बोलू, त्या वाईट वाटण्यातही एक जुनी कळ येऊन गेलीच : एवढं सगळं होत असताना हा माणूस हसतो कसा? मला साधी शिंक आली तरी मी घर डोक्यावर घेतो. म्हणजे आजारी पडण्यातही हा माझ्यापेक्षा बराच निघाला.

"आता हे वाचा आणि सही करा," म्हणत बाईंनी माझा अर्ज त्याच्यापुढे सरकवला.

डोळे मिटून घ्यावेत असं वाटलं. साडूने खिशातून चष्मा काढला आणि माझं अक्षर वाचलं. साडू. एकवीस. रविवारी जास्त. गुण नाही. तो खालपर्यंत गेला, परत वर आला, आणि रकान्यावर बोट ठेवून म्हणाला, "यात एवढंच आहे? बाकी काही नाही?"

"नाही," मी म्हणालो.

"मी एकटाच?"

"हो."

"नशीबवान आहात हो!" तो म्हणाला. आणि एकवीस वर्षांत प्रथमच त्याच्या आवाजात मला ती ओळखीची धार ऐकू आली. हेव्यातला मी जाणकार आहे, माझी चूक होणार नाही. त्याला माझा रिकामा रकाना हवा होता. इतका हवा होता, की त्यातलं स्वतःचं नावही त्याला लागलं नाही. मग त्याने पेन घेऊन 'मी आजार नाही' याखाली झोकदार सही केली.

"झालं आता," बाई म्हणाल्या. "शेवटचं. त्रास बंद झाला असं तुमच्या हातानं लिहा, म्हणजे नोंद साफ होईल आणि आजच पॉलिसी निघेल. वाक्य ठरलेलं आहे, त्यात बदल चालत नाही." त्यांनी नमुना पुढे केला. त्यात मोकळ्या जागेत त्रासाचं नाव घालायचं होतं, आणि ते घातल्यावर वाक्य असं होत होतं : 'माझा साडू आता राहिलेला नाही.'

मी पेन टेकवलं. 'माझा' लिहिलं, 'साडू' लिहिलं. शेजारी तो उभा होता, इस्त्रीच्या शर्टात, कठडा धरून तीन मजले चढून आलेला, माझ्यासाठी. त्याचा श्वास अजून पुरता खाली बसला नव्हता, मला ऐकू येत होता. पुढचा शब्द हातातून उतरेना.

"लिहा ना," बाई म्हणाल्या.

"हे असं नाही लिहिता येणार."

"अहो, लिहा हो," साडू म्हणाला. "नुसता कागद तर आहे."

"नोंद झाली की तो कागद राहत नाही," मी म्हणालो. आवाज जरा चढलाच. "तुम्ही गप्प बसा. बाई, नाही लिहिलं तर काय होतं?"

"तर 'चालू' असं लिहा. पॉलिसी तशीही आजच निघेल. बायकोचं सगळं होईल त्यात. फक्त तुमच्या नावावर कायमची अट लागते, की या त्रासातून तुम्हाला पुढं काहीही झालं, तर भरपाई नाही. आणि ती जन्मात निघत नाही, आधीच सांगते."

"लागू दे."

"विचार करा. रविवारी जास्त होतो म्हणून तुम्हीच लिहिलंय."

"होऊ दे जास्त," मी म्हणालो, आणि 'माझा साडू'च्या पुढे मोठ्या अक्षरांत 'चालू' लिहिलं.

बाईंनी कागद फिरवून पाहिला. "मग हाही रकाना भरा. हा त्रास आणखी किती काळ चालेल, अंदाजे."

साडू खांद्यावरून वाकून बघत होता. मी रकान्यावर डावा हात आडवा धरला, शाळेत धरायचो तसा, आणि लिहिलं, 'माझ्यानंतरही.'

बाईंनी ते वाचलं, शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.